श्वास थांबतो का, हे कुठल्या मराठीत विचारायचं?

आमच्या ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. भूल देण्याआधीच्या तपासणीला गेलो, तर रांग दारापर्यंत आलेली. झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे ‘स्लीप ॲप्निया’, आहे का ते ताडायला सिस्टरनं ह्यांच्या हातात एक छापील कागद दिला. "काका, आठ प्रश्न आहेत. वाचा आणि हो किंवा नाहीवर खूण करा." कागद मराठीत होता. मी चौतीस वर्षं गोव्यात डिचोली तालुक्यात मराठी शिकवली, त्यामुळं तो पाहून मला आनंदच झाला. असे कागद आमच्याकडं बहुतेक वेळा इंग्रजीतच मिळतात.

तिसरा प्रश्न असा होता: ‘आपल्या निद्रावस्थेत श्वसनक्रियेत खंड पडल्याचे कोणी निरीक्षण केले आहे काय?’ ह्यांनी क्षणभर विचार केला आणि ‘नाही’वर खूण केली.

खोटं नव्हतं ते. निरीक्षण करणार कोण? ह्यांच्या घोरण्यापायी सहा वर्षांपूर्वी मीच माझं अंथरूण माजघरात नेलं होतं.

बाकीची उत्तरंही अशीच खरी होती. ‘आपण उच्च स्वरात घोरता काय? (बंद दाराआडून ऐकू येईल इतके)’. आमच्या जुन्या घरात झोपायच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. नाही. ‘दिवसा थकवा जाणवतो काय?’ हा माणूस सकाळी सहाला कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जातो आणि उन्हं चढल्यावर परततो, त्याला कुणी थकलेला म्हटलेलं आवडत नाही. नाही. ‘उच्च रक्तदाबाचा विकार आहे काय?’ गोळी रोज चालू आहे, पण गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते की प्रेशर आता नॉर्मल आहे. नाही. वजन-उंचीचा आकडा कागदावरच्या रेषेच्या आत. मानेचा घेर मोजायला टेप नव्हती, ती जागा कोरी राहिली आणि बेरीज करताना कोऱ्या जागेचं शून्य झालं. वय पन्नाशीच्या पुढं, एक गुण. पुरुष, एक गुण. आठापैकी दोन. कागदाच्या तळाशी लिहिलं गेलं: धोका कमी.

ऑपरेशन नीट झालं. पण नंतर ह्यांच्या रक्तातला ऑक्सिजन पुन्हा पुन्हा खाली येऊ लागला आणि ती रात्र अतिदक्षता विभागात काढावी लागली. भुलीचं औषध आणि कडक वेदनाशामकं घशाचे स्नायू सैल करतात. ज्याची श्वासाची वाट झोपेत मुळातच मिटते, त्याची ती अशा वेळी आणखी घट्ट मिटते. हे मला दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी ह्यांच्या उशाशी बसून कोकणीत एवढंच विचारलं होतं, "रातचे दम कोंडून जाग येता?" हे म्हणाले, "सदांच!" पुढं रात्रभराची झोपेची तपासणी झाली. तासाला सरासरी एक्केचाळीस वेळा श्वास अडत होता. तीसच्या वर गेलं की आजार तीव्र मानतात.

मी त्या रुग्णालयाला दोष देत नाही. त्यांनी निदान विचारलं तरी होतं आणि मराठीत विचारलं होतं. माझं भांडण आहे त्या समजुतीशी, की इंग्रजी प्रश्न मराठीत लिहिला म्हणजे तो मराठी माणसाला विचारून झाला.

हे आठ प्रश्न ‘स्टॉप-बँग’ नावानं जगभर वापरले जातात. टोरंटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००८ साली प्रसिद्ध केले. ऑपरेशनला आलेल्या २,४६७ रुग्णांना त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यांतल्या १७७ जणांच्या झोपेच्या तपासणीशी उत्तरं ताडून पाहिली. त्याआधीची ‘बर्लिन’ प्रश्नावली १९९९ ची. नाव जर्मन असलं तरी ती अमेरिकेत क्लीव्हलंडच्या दवाखान्यांत पारखली गेली. दिवसा पेंग किती येते हे मोजणारं ‘एपवर्थ’ मोजमाप मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयात डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलं. तिन्ही कामं मोलाची आहेत. रात्रभराच्या तपासणीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, छातीचे पट्टे, ऑक्सिजन असं सगळं नोंदावं लागतं. घोरणाऱ्या प्रत्येकाची ती करणं कुठल्याच देशाला परवडणार नाही, म्हणून आधी चाळणी लावतात. चाळणी लावायला माझी हरकत नाही. पण रव्याच्या चाळणीनं मैदा चाळून वर काही उरलं नाही म्हणून पीठ स्वच्छ आहे, असं कुठलीही गृहिणी म्हणणार नाही.

एपवर्थचंच पाहू. त्यात आठ प्रसंग दिले आहेत आणि प्रत्येकात डोळा लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांत सांगायची आहे. एकूण चोवीस, आणि दहाच्या वर गेलात तर काळजी. पाचवा प्रसंग आहे दुपारी, सवड मिळेल तेव्हा, आडवं होण्याचा. आता हा प्रश्न गोव्यात विचारून पाहा! इथं दुपारी एक वाजला की डिचोलीच्या बाजारातलीसुद्धा निम्मी दुकानं शटर ओढून घेतात, ती साडेतीन-चारला उघडतात. मध्ये जेवण आणि झोप. धडधाकट माणसाला इथं तीन गुण फुकटात मिळतात. सातवा प्रसंग दुपारच्या जेवणानंतर, दारू न घेता, शांत बसल्याचा. माझ्या नणंदेला एका शिबिरात हा प्रश्न ‘मद्यप्राशन न करता’ अशा शब्दांत विचारला. ती इतकी दुखावली, की पुढच्या प्रश्नांना तिनं नुसती मान हलवली. तिला वाटलं, आपण घेतो असं धरूनच ही मुलगी विचारते आहे.

तिसऱ्या प्रसंगात नाटक किंवा सभा येते, सार्वजनिक ठिकाणी स्वस्थ बसलेलं असताना. मेलबर्नमधलं नाटक संध्याकाळी सुरू होतं आणि लोक जेवायला घरी जातात. आमच्याकडं नाटक म्हणजे जत्रेतलं नाटक. पालखी फिरून आली, आरत्या झाल्या की रात्री उशिरा पडदा उघडणार आणि पहाटेपर्यंत चालणार. पेडण्याकडं दशावतार असेल तर राक्षस मरेपर्यंत कोंबडा आरवतो. पहाटे तीनला देवळाच्या मांडवात मुलाला मांडीवर घेऊन पेंगणारी बाई आजारी नसते. उलट अख्खी रात्र टक्क जागं राहून नाटक पाहणारा माणूस दुसऱ्या दिवशी बसमध्ये झोपतो, तेही आजारानं नव्हे. या प्रश्नाला गोव्यातला प्रामाणिक माणूस जे उत्तर देईल, त्यातून डॉक्टरांना आमच्या जत्रांची माहिती मिळेल, घशाची मिळणार नाही.

आठवा प्रसंग मोटारीत, वाहतुकीत काही मिनिटं अडकल्याचा. कुठ्ठाळीच्या पुलावर नवा पूल होण्यापूर्वी ज्यांनी तासन्‌तास काढले आहेत, त्यांना हा प्रश्न समजेल. पण ज्या बाईनं आयुष्यात स्टिअरिंग धरलं नाही, जी कदंबच्या बसमध्ये दांड्याला धरून उभी राहते, ती काय सांगणार? पेरू देशातल्या डॉक्टरांना हाच प्रश्न पडला. त्यांनी गाडी न चालवणाऱ्यांसाठी प्रश्नावलीची वेगळी आवृत्ती केली आणि ती तपासली. जगात हे होतं. आपल्याकडं व्हायला हरकत कसली?

कुणी म्हणेल, भाषांतराची शास्त्रीय रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, तिसऱ्यानं ते पुन्हा इंग्रजीत आणायचं आणि मूळ इंग्रजीशी जुळतं का ते पाहायचं. ही उलट-भाषांतराची कसोटी मी मुद्दाम घरी करून पाहिली. माझी भाची इंग्रजीची प्राध्यापिका आहे. तिला मी ‘निद्रावस्थेत श्वसनक्रियेत खंड पडल्याचे निरीक्षण’ हे वाक्य दिलं. तिनं क्षणात इंग्रजी केलं आणि ते मूळ वाक्याशी जवळजवळ शब्दशः जुळलं. मग ‘झोपेत घुसमटून दचकून उठता का?’ दिलं. तिच्या इंग्रजीत घाबरणं आलं, गुदमरणं आलं, वाईट स्वप्नसुद्धा आलं. कसोटीप्रमाणं पहिलं वाक्य उत्तम आणि दुसरं नापास. माणसाला मात्र दुसरं कळतं आणि पहिल्यावर तो ‘नाही’ची खूण करून मोकळा होतो. शब्द जितका कोशातला, तितकी त्याची इंग्रजी जोडी ठरलेली आणि तितका तो परतीच्या प्रवासात शाबूत राहतो. म्हणून ही कसोटी एकटी वापरली तर ती नेमकी कुणाच्याही तोंडात नसलेली मराठी निवडते. ती मराठी मी वर्गात शिकवली, तिच्यावर माझं प्रेम आहे, निबंधात ती शोभते. दुखणं सांगायला ती कुणी वापरत नाही.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे आणि तो बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २०११ च्या जनगणनेत इथल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी मातृभाषा कोकणी सांगितली, मराठी सांगणारे साधारण दहात एक. पण एवढ्यावरून चित्र कळत नाही. माझ्या पिढीतली कितीतरी घरं अशी आहेत, जिथं बोलणं कोकणी, आणि वर्तमानपत्र, पोथी, भजन, नाटक मराठी. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या सरकारी वापरालाही जागा ठेवली. त्या वादात मला आज शिरायचं नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की आमच्यातला माणूस कागद मराठीत वाचतो, पण रात्री घाबरून उठतो तेव्हा तोंडून जे येतं ते कोकणीत येतं. पुण्यामुंबईच्या वाचकासाठी केलेलं मराठी भाषांतर त्याच्यापासून दोन पायऱ्या लांब असतं. ख्रिस्ती शेजाऱ्यांची कोकणी रोमी लिपीतली, वास्कोच्या कामगार वस्तीत कन्नड आणि हिंदी. छापील कागद सगळ्यांना पुरणार नाही. तोंडी विचारणारं माणूस लागेल.

‘हो’ आणि ‘नाही’ यांचं वजनही सारखं नसतं. स्वतःचं घोरणं कुणाला ऐकू येत नाही, त्यासाठी दुसरं माणूस लागतं. इथं कितीतरी बायकांचे नवरे वर्षातले आठ-नऊ महिने जहाजावर किंवा आखातात असतात. आजीबाई नातवंडांबरोबर झोपतात, विधवा एकट्या. त्यांच्या ‘कोणी पाहिले आहे काय’ या रकान्यातलं ‘नाही’ म्हणजे ‘पाहायला कोणी नाही’ एवढंच. बायकांच्या बाबतीत लाजेची भर पडते. पुरुषाच्या घोरण्यावर घरात थट्टा होते, बाईचं घोरणं झाकलं जातं. त्यातून हा आजार बाईत अनेकदा वेगळ्या वाटेनं येतो: झोप लागत नाही, सकाळी डोकं धरतं, दिवसभर अंग जड. यातलं काही आठ प्रश्नांत बसत नाही, आणि पुरुष असण्याचा एक गुण तर तिला मिळूच शकत नाही. ट्रकवाल्याची, बसचालकाची अडचण वेगळी. ‘गाडी चालवताना डुलकी लागते का’ असं मालकाच्या माणसानं शिबिरात विचारलं, तर पोटावर पाय येईल म्हणून तो नाहीच म्हणणार, आणि त्याच्या मागं पन्नास प्रवासी बसलेले असतात.

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के आढळलं. त्याबरोबर दिवसा अतिझोपेची तक्रार असलेले मात्र ७.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या अंतराकडं मी बराच वेळ पाहत राहिले. श्वास अडत असलेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांनी दिवसा झोप येण्याची तक्रार केली नव्हती. त्यांतल्या कितींना खरंच झोप येत नव्हती, आणि कितींना आपल्या सुस्तीला आजार म्हणतात हे ठाऊक नव्हतं?

भाषेशिवायचे आकडेसुद्धा भाषांतर मागतात. वजन-उंचीच्या गुणोत्तराची (बीएमआयची) मूळ रेषा आहे पस्तीस. पाच फूट पाच इंच, म्हणजे सुमारे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ती ओलांडायला ९५ किलोंच्या वर जावं लागेल. आशियाई माणसाला कमी वजनातही हे विकार गाठतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ अशा खालच्या रेषा सुचवल्या. २७.५ धरली तर तोच माणूस ७५ किलोंना रेषेवर येतो. आशियातल्या अनेक अभ्यासांनी स्टॉप-बँगमध्ये खालची रेषा वापरली आहे. आमच्या कागदावर मात्र पस्तीसच छापलेले होते. शब्द मराठी झाले, माणूस कॅनडाचाच राहिला.

यावर डॉक्टरांचं एक उत्तर असतं आणि ते मी हलकं मानत नाही. ते म्हणतात, बाई, आमच्यासमोर दिवसाला शंभर रुग्ण. तुमची निर्दोष प्रश्नावली तयार होईस्तोवर आम्ही काय काहीच विचारू नये? विचारा, जरूर विचारा. पण हातातल्या कागदाचा उपयोग पकडण्यासाठी करा, सोडून देण्यासाठी करू नका. ‘हो’ आलं तर ते धरून पुढं चला. ‘नाही’ आलं तर त्याला पुरावा समजू नका, आणि कोऱ्या जागेचं शून्य तर कधीच करू नका. ‘माहीत नाही’ असा तिसरा रकाना छापायला किती शाई लागते? आमच्या ह्यांच्या कागदावर तो असता, तर किमान दोन ठिकाणी तिथंच खूण झाली असती आणि कुणीतरी थांबून विचारलं असतं. नीट विचारलं असतं तर दोनाचे सात झाले असते. घोरणं, झोपेतली घुसमट, प्रेशरची गोळी, दिवसाची पेंग आणि मानेचा ४२ सेंटिमीटरचा घेर, हे सगळं त्या दिवशीही तिथंच बाकावर बसलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी मी.

खरं काम मात्र सरकारनं करायला हवं, आणि ते डोंगराएवढं नाही. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांचं असलेलं राज्य, बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ), ज्याची परंपरा १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. तिथल्या छातीविकार, कान-नाक-घसा आणि भूल विभागांनी मराठीच्या नि कोकणीच्या शिक्षकांना बरोबर घ्यावं. प्रत्येक प्रश्न लिहून झाला की पेडण्याच्या बागायतदारापुढं, फोंड्याच्या शिक्षिकेपुढं, वास्कोच्या गोदी कामगारापुढं, सांग्याच्या आजीपुढं ठेवावा आणि विचारावं, ‘तुम्हाला यातून काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ उत्तर नको, समज विचारायची. ही पायरी शास्त्रातही सांगितलेली आहे, घाईत तीच गाळली जाते. मग तपासणीला आधीच येणाऱ्या दीडदोनशे रुग्णांना ते प्रश्न विचारून उत्तरं झोपेच्या अहवालाशी ताडावीत आणि इथल्या रेषा इथं ठराव्यात. टोरंटोनं १७७ जणांवर केलं, आपल्याला अवघड का जावं? एपवर्थ आणि स्टॉप-बँग यांचे हक्क राखीव आहेत, तेव्हा परवानगी रीतसर घ्यावी लागेल. तीही एका पत्राची गोष्ट आहे, आणि ते पत्र एकेका दवाखान्यानं लिहिण्यापेक्षा आरोग्य संचालनालयानं लिहिलेलं बरं. हे होत नाही तोवर निदान एवढं तरी करा: प्रश्न सिस्टरनं किंवा आशाताईंनी तोंडी, रुग्णाच्या बोलीत, घरच्या माणसाला शेजारी बसवून विचारावेत, आणि टेबलाच्या खणात शिंप्याची एक टेप असावी.

गेल्या महिन्यात शेजारचे भाऊ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तपासणीला निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. जाण्याआधी घरी टेप लावली. मान ४१. वहिनींना विचारलं, "भाऊ झोपेत कसे असतात?" त्या आधी हसल्या, मग आवाज खाली करून म्हणाल्या, "मधेच एकदम शांत होतात. मी हात लावून बघते, आहेत ना म्हणून." तिथं पुन्हा तोच कागद मिळाला, तोच तिसरा प्रश्न. भाऊंनी पेन ‘नाही’कडं नेलं. मी ते थांबवलं आणि समासात वहिनींचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, कारण त्यासाठी चौकट नव्हती. भूलतज्ज्ञांनी कागद उलटसुलट पाहिला, समासापाशी थांबले आणि चष्मा काढून वहिनींकडं वळले. "किती वेळ शांत असतात?" त्यांनी विचारलं. वहिनी डोळे मिटून मनातल्या मनात मोजू लागल्या.